दुर्बीण मी बसवली होती

मी, उत्तरा प्रताप टिपणीस, माहेरची गुप्ते, वय अडुसष्ट, राहणार प्लेनो, टेक्सस, हे मृत्युपत्र डायनिंग टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं मंगळवारी कळेल. त्या दिवशी सकाळी साडेसात वाजता माझी एक झडप बदलणार आहेत. सर्जन माझ्या मुलापेक्षा लहान दिसतो आणि "यू विल डू ग्रेट" म्हणतो. करायचं त्याला आहे, मला नव्हे. एवढंही ज्याला कळत नाही त्याच्या हाती मी छाती उघडून देणार आहे.

माझ्यावर कोणा माणसाचं दडपण नाही. दडपण आहे ते टेबलावर समोर ठेवलेल्या एका खोक्याचं. त्याबद्दल कलम आठमध्ये.

यापूर्वी वकिलाने छापील नमुन्यात नावं भरून दिलेलं माझं इंग्रजी मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात "सर्व वैयक्तिक वस्तू मुलाला" असं एक वाक्य आहे आणि त्या वाक्यात रायफलही येते. हे माझ्या बुधवारी लक्षात आलं, आणि तेव्हापासून मला धड जेवण गेलेलं नाही. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, हाताने लिहिलेलं इथे चालतं, भाषा कोणतीही असो. साक्षीदार घेतले तर बरं, मात्र ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये.

कलम १. घर माझा मुलगा ऋषी याला. तो मॉरिसव्हिलला राहतो, इथे राहायला येणार नाही, विकून टाकेल. विकावं. फक्त मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या दोन कुंड्या थंडी पडण्याआधी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जाव्यात. घर घेणारे अमेरिकन असले तर त्यांना ते झाड काय आहे ते कळणार नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते ऋषी आणि माझी सून रेणू यांना निम्मं निम्मं, दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत. वेगवेगळ्या का, ते रेणूला कळेल. ऋषीला कळायची गरज नाही. वाटणीआधी नागपूरच्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेला एक चांगला मायक्रोस्कोप घेऊन द्यावा. आमच्या वेळी साठ मुलींत एक होता आणि त्याची भिंगं सिस्टर ॲग्नेस स्वतःच्या रुमालाने पुसायच्या.

कलम ३. साड्या रेणूला. तिने त्यांचे पडदे शिवले तरी चालतील. इथल्या मराठी मंडळाच्या फॅशन शोला देऊ नयेत.

कलम ४. माझी हत्यारं. मी एकतीस वर्षं डॅलसच्या एका वैद्यकीय कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोस्कोप दुरुस्त केले. पहिली काही वर्षं लोक मला साफसफाईची बाई समजून कचऱ्याची टोपली पुढे करत. टोपली मी रिकामी करायचे आणि मग त्यांचं भिंग सरळ करून द्यायचे. माझ्या बारीक स्क्रू ड्रायव्हरांची पेटी, चिमटे, पितळेच्या पातळ चकत्यांची डबी आणि मोजमापांच्या सात वह्या ऋषीला. वह्या त्याने वाचाव्यात. विशेषतः सातवी, पान चाळीस.

कलम ५. माझ्या शोकसभेत मंडळाच्या अध्यक्षांनी बोलू नये. "अन्नपूर्णा" हा शब्द कोणीही वापरू नये. मला स्वयंपाक कधीच आवडला नाही, तो मी वेळेवर केला इतकंच. आणि प्रतापच्या हातात जादू होती असं कोणी म्हणालं तर त्याला हे पुढचं कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम ६. रायफल.

ती हॉलमधल्या कपाटात थंडीच्या कोटांमागे आहे. तिचा बोल्ट, म्हणजे गोळीच्या मागे दार लावणारा लोखंडी तुकडा, मी काढून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. तो नसला की रायफल म्हणजे काठी. हे कलम लिहायला घेतल्यापासून मी दोनदा उठून तांदळात हात घालून आले.

ती घरात कशी आली ते लिहिते. २००१च्या सप्टेंबरनंतर पेट्रोल पंपावर एकाने माझ्या नवऱ्याच्या, प्रतापच्या, गाडीवर सोड्याचा कॅन फेकला आणि "गो होम" म्हणाला. प्रताप घरीच चालला होता. पण ते त्याला लागलं, आणि डिसेंबरात त्याने ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या एकाकडून ही रायफल विकत घेतली. जुन्या पद्धतीची, जिच्या पाठीवर बॅगेला असते तशी मूठ असते. कॅरी हँडल म्हणतात. नव्या रायफलींचं ते निघतं आणि खाली सपाट पाठ मिळते. हिचं निघत नाही, अंगातूनच ओतलेलं आहे. नेम धरायचं बारीक भोक त्या हँडलवरच असतं.

२००४ साली प्रतापच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याला त्या भोकातून नीट दिसेना. म्हणून दुर्बीण बसवायची ठरली. हँडल निघत नाही, तेव्हा दुर्बीण हँडलच्या डोक्यावरच चढवावी लागते. वरच्या खाचेत ॲल्युमिनियमची पट्टी, मधल्या भोकातून खाली स्क्रू, खालून पिळायची चाकी. बाजारातली पट्टी केसभर डुलत होती. मी खाली पितळेची चकती घातली, स्क्रूच्या आट्यांना न सुटणारा निळा गोंद लावला, दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याला लावून सरळ केली. दुर्बीण इतकी उंच झाली की गाल रायफलच्या मागच्या दस्त्यावर टेकेना. मग दस्त्याला फोमची गादी बांधली. हे सगळं मी केलं. प्रताप शेजारी बसून क्रिकेट बघत होता.

मग मी मोजलं. नळीच्या मध्यापासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंत चार इंच आणि एक सूत. ते वहीत लिहिलं आणि खाली लिहिलं: "जवळच्या वस्तूवर गोळी दिसते त्याहून चार इंच खाली लागेल. डोळ्यापुढे रस्ता मोकळा दिसला तरी नळीपुढे मोकळा असेलच असं नाही. प्रतापला सांगणे." शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ आहे. सातवी वही, पान चाळीस.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. आमच्याकडे शस्त्रपूजा व्हायची. देवापुढे पाटावर रायफल, तिच्या हँडलमध्ये झेंडूचं फूल खोवलेलं. शेजारी माझे स्क्रू ड्रायव्हर. आणि विवेक राजवाड्याचे ब्रश. विवेक प्रतापचा इथला सर्वांत जुना मित्र. मंडळाच्या गणपतीची मूर्ती दरवर्षी त्याच्या गॅरेजमध्ये व्हायची आणि डोळ्यांची आखणी तो एकटा करायचा. त्या वेळी गॅरेजमध्ये कोणी बोलायचं नाही, त्याची बायको शोभासुद्धा नाही.

पूजेनंतर विवेकने रायफल हातात न घेता वाकून बघितली. "प्रताप, एकदम प्रोफेशनल काम. कोणी बसवली?"

"मीच, यार," प्रताप म्हणाला. "अख्खा दिवस गेला."

मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन मागे उभी होते. विवेकने माझ्याकडे बघितलं. "वहिनी, खरं का?"

"उत्तराने स्क्रू ड्रायव्हर हातात दिले ना," प्रताप म्हणाला, "तेवढं क्रेडिट तिला द्यायलाच पाहिजे."

सगळे हसले. शोभाही हसली. मी वाढायला सुरुवात केली.

मी तेव्हा मनात काय म्हणाले ते या कागदावर प्रथमच लिहिते. मी म्हणाले, तूच बसवलीस ना, मग तुझं तुलाच ठाऊक असेल. विचारशील तेव्हा सांगीन. त्याने विचारलं नाही. गोळीबाराच्या रेंजवर शंभर यार्डांवर नेम जुळवून आला, झीरो करणं म्हणतात ते, गोळ्या बरोबर मध्यात लागल्या, खूश झाला. आणि मी सांगितलं नाही. आयुष्यभर मी जीभ चालवली; मंडळात, ऑफिसात, दोन्ही घरांत मला त्यासाठी नावं ठेवली गेली. नेमकी त्या तीन आठवड्यांत मी ती आवरली.

कलम ७. तेरा नोव्हेंबर २००४, शनिवार. डेनिसनच्या बाहेर प्रतापच्या ओळखीच्या एकाचं रान आहे. प्रतापने पिकअपच्या बॉनेटवर कोपर टेकून पलीकडच्या पुठ्ठ्याच्या निशाणावर नेम धरला. विवेक बाजूला हेडलाइटपाशी उभा होता, जिथे उभं राहायला सांगितलं होतं तिथेच. मी मागे खुर्चीवर. दुर्बिणीतून प्रतापला बॉनेटवरून मोकळं निशाण दिसत होतं. नळी चार इंच खाली होती आणि तिच्यापुढे बॉनेटचा उंचवटा होता. गोळी पत्र्याला घासून फुटली आणि तिचा एक कण विवेकच्या उजव्या डोळ्यात गेला.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी बॉनेट बघितलं. बोटभर लांब चर, आधी उथळ, पुढे खोल. मी म्हणाले, "प्रताप, गोळी आपल्याच गाडीला लागली. दुर्बीण वर, नळी खाली. मी मोजलं होतं."

"आत्ता नको," तो म्हणाला.

वर जाऊन त्याने शोभाला सांगितलं, "विवेकने बॉनेटवर हात टेकला. गाडी हलली, माझा नेम सुटला."

विवेकने हात टेकला होता हे खरं. त्याने काही हललं नव्हतं. शोभा पट्टी बांधलेल्या नवऱ्याला म्हणाली, "कशाला हात लावलास रे? कशाला?" आणि तो म्हणाला, "चुकलं माझं." मी त्याच खोलीत होते. त्या आठवड्यात प्रतापने बॉनेट बदलून घेतलं.

डोळा गेला. एका डोळ्याने जवळचं अंतर कळत नाही, हे मायक्रोस्कोप दुरुस्त करणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको. पुढच्या वर्षी त्याने आखणीला ब्रश उचलला आणि टोक मूर्तीला लागण्याआधीच फिरवलं. दुसऱ्यांदा ते रुतलं. त्याने ब्रश धुऊन ठेवले आणि मूर्ती तेव्हापासून मुंबईहून येते. शोभाने आमच्या घरी येणं बंद केलं. प्रतापने पुन्हा गोळी झाडली नाही. २००६च्या मार्चमध्ये तो गेला, तेव्हा विवेक आला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या एका हातामुळे प्रतापला शेवटपर्यंत टोचणी लागली. सॉरी."

मी म्हणाले, "असू दे."

शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला रांगेत उभ्या राहायच्या आणि आम्ही हिंदू मुली बाहेर लंगडी खेळायचो. मला तेव्हा वाटायचं, आपण सुटलो. सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, करायला हवं ते न करणं हेही पापच. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं.

कलम ८. आता खोकं. ते बुधवारी ऋषीच्या नावाने या पत्त्यावर आलं. त्याने फोन केला.

"आई, बॉक्स आला? ओपन नको करूस."

मी उघडलं होतं. लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण आणि ती हँडलवर चढवायची पट्टी.

"हे कशाला?"

"बाबांच्या रायफलला. त्यांचा स्कोप खूप जुना झालाय. संडेला दसरा आहे ना, आपण पूजा करू, बाबा करायचे तशी. मंडेला मी आणि रेणू रॅंचवर जाऊ, तुझ्या सर्जरीच्या आधी परत. रेणू साइडला उभी राहून व्हिडिओ घेईल."

"ऋषी, ठिपका कुठे आणि नळी कुठे, बघितलंस?"

"झीरो केलं की झालं, आई. फोरमवर सगळे हेच करतात. तू टेन्शन नको घेऊस."

"तुझ्या बाबांनी..." मी म्हणाले आणि थांबले.

"बाबांनी तर एका दिवसात बसवलेला, आई. मला माहितीये."

त्यालाही तेच माहीत आहे. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला डोळ्यांपुढे हेडलाइटपाशी कॅमेरा घेऊन उभी असलेली रेणू दिसते. ऋषी रविवारी दुपारी पोचेल. लवकरची फ्लाइट मिळाली तर शनिवारीसुद्धा. त्याच्याकडे घराची किल्ली आहे. तांदळाचा डबा तो उघडणार नाही, पण रेणू उघडेल. आज सकाळी मी बोल्ट काढून पिठाच्या डब्यात ठेवला, मग वाटलं पुऱ्या करायला तीच पीठ घेईल, पुन्हा तांदळात ठेवला.

सबब लिहून ठेवते की, रायफल ऋषीला मिळावी, पण पुढील अटींवर. हँडलच्या डोक्यावर चढणारं काहीही तिच्यावर बसवू नये. ठिपकाच हवा असेल तर हँडलला पकडून पुढे आणि खाली उतरणारी पट्टी मिळते, हंसाच्या मानेसारखी. तिने ठिपका जुन्या भोकाच्या उंचीवर येतो. तरीही तो नळीच्या अडीच इंच वर राहतोच, शून्य होत नाही. पहिली गोळी झाडण्याआधी कागद दहा पावलांवर लावावा, ठिपका त्याच्या मध्यावर धरावा, आणि भोक कुठे पडलं ते स्वतः जाऊन बोटाने चाचपावं. गाडीचं बॉनेट, भिंत, कुंपण, यांच्यावरून कधीही नेम धरू नये. बोल्ट विवेक राजवाडे यांच्याकडे द्यावा आणि तो ऋषीला द्यायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

कलम ९. मी एक स्टँड बनवला आहे. जुन्या मायक्रोस्कोपचा बारीक फोकसचा स्क्रू आणि त्यावर ब्रश पकडणारा हात. चाकी एक घर फिरवली की ब्रश केसभर पुढे जातो आणि तिथेच थांबतो. अंतर डोळ्याला कळलं नाही तरी बोटाला कळतं. दोन वर्षं तो गॅरेजमध्ये चादरीखाली आहे, कारण कोणत्या तोंडाने द्यायचा ते मला सुचलं नाही. तो विवेकला.

गुरुवार, १८ ऑक्टोबर २००७.

पुरवणी. शुक्रवार, दुपार.

काल सही करायला पेन उचललं आणि पहिल्यापासून वाचलं. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, जी कोणत्याही वकिलाने सांगायला हवी होती. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. मी मंगळवारी मेले तर विवेकला खरं कळेल. मी वाचले तर पाकीट बंद राहील. शिवाय रेणू सोमवारी रॅंचवर जाणार आणि मी मंगळवारी टेबलावर. म्हणजे मी हे सगळं अशा जागी लिहिलं होतं जिथे ते वेळेवर कोणालाच दिसणार नाही. सिस्टर ॲग्नेस असत्या तर पट्टी हातावर आडवी न मारता उभी मारली असती.

विवेकला फोन केला. म्हणाले, एका कागदावर साक्षीदार हवा आहे. तो अकराला आला. मी सगळी पानं त्याच्यापुढे ठेवली आणि चहा करायला गेले. चहा उतू गेला.

त्याने शेवटचं पान पालथं ठेवलं. मग म्हणाला, "प्रतापला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पार्किंगमधून वर येण्याआधीपासून."

त्याने उजवा तळहात उताणा करून टेबलावर ठेवला आणि त्याकडे बघत राहिला. "तीन वर्षं मी कुणाच्याही गाडीला हात लावायच्या आधी विचार करतो, वहिनी. पार्किंगमध्येसुद्धा."

मी माफी मागितली. ती कशा शब्दांत मागितली ते लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "शोभाला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

शोभा अर्ध्या तासात आली. दारातून आत यायला तिला तीन वर्षं आणि आणखी दोन मिनिटं लागली. पानं तिने उभ्यानेच वाचली.

"म्हणजे मी याला हॉस्पिटलात जे बोलले..." ती म्हणाली.

"ते मी बोलू दिलं," मी म्हणाले.

"आणि तुम्ही डबे भरभरून जेवण पाठवत होतात, टिपणीसबाई. मी ते डबे घासून परत देत होते." पूर्वी ती मला उत्तराताई म्हणायची.

"हो."

"वांगी कच्ची असायची."

विवेक हसला. ती हसली नाही. पण खुर्ची ओढून बसली.

त्यामुळे खालील बदल करते. कलम नऊ रद्द, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये. स्टँड मी आज हातोहात दिला. विवेकने चाकी तीनदा पुढे आणि तीनदा मागे फिरवली आणि तो चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला. त्याआधी त्याने डाव्या हाताने बॉनेटवर टेका घेतला. मी खिडकीतून पाहिलं.

कलम आठमधला बोल्टही त्यानेच नेला. ते बक्षीस नव्हे, ठेव आहे. "ऋषीला रविवारी पूजेनंतर माझ्याकडे पाठवा," तो म्हणाला. "मी आधी त्याला हा हात दाखवीन, मग कागद लावीन, मग बघू." पूजेत यंदा रायफल नसेल. माझी सातवी वही असेल, पान चाळीस उघडून, आणि ऋषीने ते मोठ्याने वाचावं. मराठी अडली तर मी समोर बसलेली असेन. पुढचं मी तोंडाने सांगेन. ते सांगायची मला मंगळवारपेक्षा जास्त भीती वाटते आहे, हेही लिहून ठेवते.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दुर्बीण मी बसवली होती.

(सही) उत्तरा प्रताप टिपणीस
प्लेनो, टेक्सस. १९ ऑक्टोबर २००७.

साक्षीदार १: विवेक राजवाडे. पूर्ण वाचून सही केली. वेळ लागला, अक्षर फार बारीक आहे वहिनी.

साक्षीदार २: शोभा विवेक राजवाडे. टिपणीसबाई आज पूर्ण शुद्धीवर होत्या आणि माझ्यासमोर त्यांनी सही केली, एवढ्यापुरतीच ही सही आहे. क्षमा केली असा अर्थ काढू नये. बुधवारी हॉस्पिटलात येईन. माझं बोलायचं बरंच बाकी आहे, तेव्हा त्यांनी तिथे असावं.